क्लॅट घेणाऱ्यांना केजच्या कोर्टातून एक अर्ज

प्रति,
राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्टियमचे माननीय पदाधिकारी
आणि सर्व सदस्य विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांस,

सप्रेम नमस्कार.

मी केज, जिल्हा बीड येथील तालुका कोर्टात एकोणीस वर्षे वकिली करते. वाटपाचे दावे, मनाई, पोटगी, न वटलेले चेक, मोटार अपघात आणि हंगाम संपला की मुकादम व ऊसतोड कामगार यांच्यातले उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे तंटे, असे माझे काम. हात अर्ज लिहिण्याला सरावलेला असल्यामुळे हे पत्रही अर्जासारखेच उतरणार. तेवढे चालवून घ्यावे. आधी हकिकत, मग तक्रारीची कलमे, शेवटी विनंती. याला कोर्ट फीचे तिकीट लावलेले नाही, आणि तुमच्याबरोबर इतरांनीही वाचावा म्हणून तो उघडा ठेवला आहे.

हकिकत अशी.

७ डिसेंबर २०२५, रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत देशभर क्लॅट झाली, म्हणजे बारावीनंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठांत कायदा शिकण्यासाठीची सामाईक प्रवेश परीक्षा, जी तुमचे कन्सॉर्टियम, म्हणजे या विद्यापीठांचा संघ, घेते. माझ्या ऑफिसात सुट्टीत टायपिंगला येणारी एक मुलगी या परीक्षेला बसली होती. नाव लिहीत नाही, तिने नको म्हटले आहे. जिल्हा परिषदेची शाळा, मराठी माध्यम, दहावीला ९१ टक्के, आता बारावी कला. आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर ही आणि धाकटा भाऊ आजीजवळ. दोन वर्षांत तिने माझ्याकडे दीड-दोनशे दावे आणि कैफियती टाइप केल्या असतील. गेल्या वर्षी एका कैफियतीत ताब्याची तारीख आणि फेरफाराची तारीख एकमेकींना खोटे पाडत होत्या. ते माझ्या लक्षात आले नव्हते. समोरच्या वकिलांच्या आले असते तर माझ्या पक्षकाराची सुटका नव्हती. हिने टाइप करता करता हात थांबवला आणि म्हणाली, "ताई, ह्या दोन्ही तारखा खऱ्या कशा असतील?"

त्या दिवशी मी तिला म्हटले, तू वकील हो. इथवर ठीक होते. पुढे मी म्हटले, व्हायचेच तर मोठ्या ठिकाणी शिकून हो. तिथून आमची क्लॅटची तयारी सुरू झाली.

एका संध्याकाळी ऑफिस बंद केल्यावर आम्ही सराव संचातला एक उतारा घेऊन बसलो. ईझमेंटचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारख्या वहिवाटीच्या हक्काचा होता. चारशेवर शब्द, लांबलचक वाक्ये, मधेच "ईझमेंट बाय प्रिस्क्रिप्शन". तिने तो तीनदा वाचला. चेहऱ्यावर काही हलले नाही. मी विचारले, कुठे अडलीस? म्हणाली, प्रिस्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी ना, मग इथे रस्त्याच्या भांडणात डॉक्टर कुठून आला?

मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली, कारण प्रश्न रास्त होता. मी पुस्तक मिटले आणि आपल्या भाषेत सांगू लागले. समज, एक शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावरून वीस वर्षे बैलगाडी नेतोय. उघडपणे, हक्काने, कोणी न अडवता. माझे वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "मग आता त्याला अडवता यायचं नाही." आणि क्षणभर थांबून, "पण ताई, तो दरवर्षी विचारून जात असला तर? मग ते उपकार झाले, हक्क कुठला?"

उताऱ्याखालचा चौथा प्रश्न नेमका तोच होता. परवानगीने केलेली वहिवाट हक्क निर्माण करते का. १८८२ च्या ईझमेंट कायद्यातला हा बारकावा मला एल्एल.बी.च्या दुसऱ्या वर्षी कळला होता, तोही नीट नाही. तिला तो कळायला कायदा लागला नाही, कारण बांधाचा रस्ता हा आमच्याकडे घराघरातला विषय आहे. मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे चालणाऱ्या निम्म्या भांडणांचे मूळ तेच. मराठीत सांगितल्यावर तिने पाचही प्रश्न चार मिनिटांत सोडवले, पाचही बरोबर. इंग्रजीत ती पहिल्याच ओळीपाशी उभी होती.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो. केंद्राबाहेर पालकांच्या गाड्या उभ्या होत्या, मुले एकमेकांशी इंग्रजीत हसतखिदळत होती. ही माझी पिशवी धरून उभी. चार वाजता बाहेर आली तेव्हा एवढेच म्हणाली, "निम्मा पेपर तर वाचूनच झाला नाही." पुढे हिशेब केला. १२० पैकी ६२ प्रश्न सोडवले, त्यातले ४७ बरोबर, १५ चूक. चुकीला पाव गुण वजा केला की ४३.२५. उरलेले ५८ प्रश्न तसेच कोरे.

ती नापास झाली म्हणून मी रडगाणे गात नाही, हे आधीच स्पष्ट करते. साठ-सत्तर हजार मुले बसतात आणि जागा तीन-साडेतीन हजारांच्या आसपास. बहुतेकांना जागा मिळत नाही, तिलाही मिळाली नसती तर मी दुसऱ्या दिवशी तारखांना उभी राहिले असते. माझा आक्षेप त्या ५८ कोऱ्या प्रश्नांना आहे. त्यांत तिला काय येत होते आणि काय येत नव्हते हे तुम्हालाही कळले नाही, मलाही नाही.

आता तक्रारीची कलमे.

कलम १. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. ती २००८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हेच चालू आहे, आणि कन्सॉर्टियमने परीक्षा हाती घेतल्यावरही त्यात फरक पडला नाही. २०२० पासून पेपर उताऱ्यांवर आला. तुमच्याच माहितीपत्रकानुसार उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे. १२० प्रश्न, पाच विभाग, १२० मिनिटे. वीस-बावीस उतारे धरले तरी नऊ-दहा हजार शब्द आणि वर प्रश्न व पर्याय. घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलालासुद्धा ही धावपळच होते. त्यात इंग्रजी हा वेगळा विभाग आहेच, २२ ते २६ प्रश्नांचा. त्याला माझी ना नाही. पण बाकीचे चार विभाग, म्हणजे कायद्याचा तर्क, साधा तर्क, चालू घडामोडी आणि आकडेमोड, हेही इंग्रजी वाचनाच्या वेगावरच तोलले जातात. आकडेमोडीचा प्रश्नसुद्धा आधी इंग्रजी उतारा म्हणून समोर येतो. एका विभागाचे नाव इंग्रजी आहे, परीक्षा मात्र पाचही विभागांत इंग्रजीची आहे.

मी जिथे काम करते तिथे काय चालते ते पाहा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदाराचा जबाब मराठीत, उलटतपासही मराठीत आणि तोही आमच्या बोलीतल्या मराठीत. सात-बारा आणि फेरफार तर मराठीशिवाय वाचताच येत नाहीत. या राज्यात दिवाणी न्यायाधीश व्हायचे तर मराठी लिहिता-वाचता यावी लागते. पदवी घेतल्यावर वकिलीसाठी जी अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते तीही मराठीतून देता येते. म्हणजे कायद्याच्या घरात शेवटच्या खोलीपर्यंत मराठी चालते, फक्त उंबरठ्यावर चालत नाही. हा उंबरठा कोणी आणि कशासाठी घातला, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

डॉक्टर होण्यासाठीची नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. अभियांत्रिकीची जेईई मुख्य परीक्षा तशीच. भौतिकशास्त्राचा प्रश्न मराठीत विचारता येतो आणि बांधाच्या रस्त्याचा येत नाही, असे कसे? आपल्या राज्याची विधी सीईटी कितीतरी वर्षे मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत निघते. ती देऊन शिकलेले वकील मुंबई उच्च न्यायालयातही उभे राहतात.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात क्लॅट इतर भारतीय भाषांत घ्यावी अशी जनहित याचिका झाली. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या कल्पनेला पाठिंबा दिला. कन्सॉर्टियमने तज्ज्ञांची समिती नेमल्याचे सांगितले आणि २०२४ च्या परीक्षेत हे शक्य नाही असे म्हटले. २०२४ ची परीक्षा झाली. २०२५ ची झाली. आता डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ चीही झाली. आमच्याकडे पक्षकार म्हणतात, तारीख मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नाही. तुमच्याकडून तर पुढची तारीखही मिळालेली नाही.

कलम २. पैसे. अर्जाची फी ४००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना ३५००. सवलत पाचशेची. नीटची फी खुल्या गटाला १७०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १००० आहे, आणि त्या परीक्षेचा पसारा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा.

ही रक्कम मला जशी दिसते तशी सांगते. ऊसतोडीचा दर २०२४ च्या करारात वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. चार हजारांसाठी त्या दोघांनी जवळपास अकरा टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पाच-सहा दिवसांचे काम. तेही उचल फिटल्यावर हातात काही उरले तर.

हे झाले नुसत्या अर्जाचे. मुलगी गुणवत्ता यादीत आलीच तर समुपदेशनात, म्हणजे जागावाटपात, नाव घालायला खुल्या गटाला ३०,००० आणि राखीव गटांना २०,००० रुपये थोड्या दिवसांत भरावे लागतात. ही रक्कम पुढे फीत वळती होते, मला मान्य. पण वळती व्हायला आधी ती हातात असावी लागते. हंगामाच्या मध्यावर मुकादमाकडून आणखी उचल घेण्यापलीकडे त्या घरापुढे मार्ग नाही, आणि त्या उचलीची भांडणे कुठे जाऊन संपतात हे माझ्याकडच्या फायली सांगतील. पुढच्या पाच वर्षांची फी हा तर वेगळाच अर्ज होईल, वर्षाला काही लाखांचा आकडा ऐकून तिच्या आजीने मला विचारले होते, "तिथं वकील होत्यात का वकील इकत घेत्यात?" मी विषय बदलला.

कलम ३. चालू घडामोडी. २८ ते ३२ प्रश्न, सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक. केजमध्ये इंग्रजी वर्तमानपत्र मागवावे लागते. ही मुलगी रोज दोन मराठी वर्तमानपत्रे अग्रलेखासकट वाचते, कारण ती माझ्या ऑफिसात येतात. संसदेत कोणते विधेयक मांडले, कोणत्या कलमाला आव्हान दिले, आरक्षणाच्या प्रकरणात न्यायालय काय म्हणाले, हे ती मला सांगते. जगाची खबर तिला आहे. ती ज्या शब्दांत आहे ते शब्द तुमच्या पेपरात नाहीत. बातम्यांच्या बाबतीत तर भाषांतर अवघड असल्याची सबबही टिकत नाही.

एक गंमत जाता जाता. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम. इंग्रजी मसुद्यातही नावे हीच. आता इंग्रजी शाळेतल्या मुलांना ही नावे पाठ करावी लागतात आणि आमच्या मुलीला ती आधीच कळतात. पेपरात तिच्या वाट्याला आलेली एवढीच सोय.

कलम ४. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची तर प्रत्येक प्रश्नामागे १००० रुपये. हरकत बरोबर ठरली तर परत, नाहीतर गेले. चुका होत नाहीत असे असते तर मी हे कलम लिहिलेच नसते. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतल्या उत्तरांविरुद्ध सतरा वर्षांचा एक उमेदवार दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने दोन प्रश्नांच्या बाबतीत निकाल सुधारायला सांगितले. अपिले झाली, इतर राज्यांतल्या याचिका आल्या, आणि शेवटी ७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. प्रश्न काढण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल तिथे नाराजीही व्यक्त झाली. तोवर त्या वर्षीची मुले पाच महिने ताटकळली. ज्याच्या घरी दिल्लीचा वकील लावण्याची ऐपत होती त्याच्यामुळे बाकीच्यांना न्याय मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण दरवर्षी असा एखादा उमेदवार सापडेलच, या भरवशावर परीक्षा चालवू नये.

कलम ५. परीक्षेची वेळ. पूर्वी ती उन्हाळ्यात असे, डिसेंबर २०२२ पासून हिवाळ्यात आली. शहरातल्या क्लासवाल्या मुलांना याने फरक पडत नसेल. ऊस, कापूस आणि स्थलांतर असलेल्या जिल्ह्यांत डिसेंबर म्हणजे घरात मोठे माणूस नसण्याचा महिना. मुली पाणी भरतात, भावंडे सांभाळतात, आजीचे औषध आणतात आणि बारावीचा अभ्यास करतात. हे कलम लहान आहे, कारण यावर माझ्याकडे सोपा तोडगा नाही. फक्त तारीख ठरवताना हेही कोणी तरी मांडावे, एवढेच.

आता तुमच्या बाजूचे म्हणणे. आमच्या पद्धतीत कैफियतीला उत्तर द्यावेच लागते.

म्हटले जाते की उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदातच तसे आहे, मग इंग्रजी न येणारा विद्यार्थी पाच वर्षे कसा टिकेल? प्रश्न खरा आहे आणि मी तो झिडकारत नाही. मी स्वतः एल्एल.बी.चे पेपर मराठीत लिहिले. औरंगाबाद खंडपीठात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तीन इंग्रजी वाक्ये पाठ करून गेले होते, आणि न्यायमूर्तींनी चौथे वाक्य विचारले तेव्हा घसा कोरडा पडला. ते शिकायला मला चार-पाच वर्षे लागली. माझ्या अशिलांचे त्यात नुकसान होऊ नये म्हणून मी सुरुवातीला सीनियर ठेवले. पण शिकले. इंग्रजी पाच वर्षांत शिकवता येते, आणि ते शिकवायला विद्यापीठाहून चांगली जागा कुठली? दोन खोट्या तारखा एकमेकींसमोर उभ्या करण्याची नजर मात्र कुठल्याच वर्गात सहज शिकवता येत नाही. परीक्षेने ती शोधायची होती.

दुसरे म्हणणे असे की भाषांतरात प्रश्न बिघडतात. हेही खरे. स्पर्धा परीक्षांच्या पेपरात मराठी प्रश्न कळेना म्हणून शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचावा लागतो, ही आमच्या मुलांची जुनी तक्रार आहे. तिचा उपाय मात्र मराठी पेपरच रद्द करणे हा नाही. प्रश्न काढणाऱ्यांत असे लोक बसवा जे कोर्टातली मराठी रोज बोलतात. शब्दांची वानवा नाही: भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, सर्वोच्च न्यायालय आपले निकाल मराठीत उपलब्ध करून देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बार रूममध्ये पेढे वाटले होते. त्या अभिजात भाषेत एक वस्तुनिष्ठ प्रश्न काढता येत नाही, असे तुम्ही म्हणणार असाल तर ते लेखी म्हणा.

तिसरे म्हणणे कोणी उघड बोलत नाही, पण मला ते ऐकू येते. ही विद्यापीठे उत्कृष्टतेसाठी आहेत, सगळ्यांसाठी नाहीत. १९८८ मध्ये बेंगळुरूला पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठ वर्ग भरवू लागले तेव्हा त्याचे संस्थापक प्राध्यापक माधव मेनन यांना समाजाला उपयोगी पडणारे वकील घडवायचे होते. पुढे ते विद्यार्थी मोठ्या संख्येने कंपन्यांच्या कामाकडे गेले, याची खंत त्यांच्याच पिढीने बोलून दाखवली. २०१० मध्ये कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी वंचित घरांतल्या मुलांना या विद्यापीठांपर्यंत पोचवण्यासाठी इडिया ही संस्था उभी केली. तिच्या पाहण्यांतून या विद्यापीठांतले बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी माध्यमातले असल्याचे समोर आले. बशीर २०१९ मध्ये गेले. त्यांच्या माणसांनी गावोगाव फिरून जे केले ते थोर आहे, पण जे काम एका स्वयंसेवी संस्थेने मुलामुलाला हाताला धरून करायचे ते तुमच्या एका ठरावाने होण्यासारखे आहे.

आणि उत्कृष्टतेचेच म्हणाल तर, भूषण गवई सरन्यायाधीश असताना गिरगावातल्या आपल्या मराठी माध्यमाच्या शाळेत गेले होते आणि मातृभाषेत शिकल्याने विषय समजायला मदत होते असे तिथे म्हणाले. त्यांनी कायदा अमरावतीला शिकला. देशाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोचलेला तो मुलगा आज अठरा वर्षांचा असता तर क्लॅटच्या हॉलमध्ये जाऊन बसला असता. त्याचे किती प्रश्न कोरे राहिले असते, मला सांगता येत नाही.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, २०१४ च्या राज्याच्याच कायद्याने उभी राहिलेली. राज्याच्या पैशावर, राज्याच्या जमिनीवर. राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथे जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागांवर बीड, नंदुरबार, गडचिरोली, हिंगोलीतून किती मुले बसली? मराठी शाळांतून किती? मला संशय आहे, पण संशयावर निकाल मागू नये हे मी जाणते. म्हणून खाली आकडेच मागितले आहेत.

सबब विनंती की,

(अ) इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच ठेवून क्लॅटचे बाकीचे चारही विभाग मराठीत आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या इतर भाषांतही द्यावेत. सगळ्या भाषा एकदम जमत नसतील तर नीटच्या १३ भाषांपासून सुरुवात करावी.

(आ) २०२३ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने काय ठरवले ते जाहीर करावे, आणि कोणत्या वर्षीच्या परीक्षेपासून बदल होणार ते वर्ष लिहून द्यावे. "विचाराधीन" हा शब्द वापरू नये.

(इ) अर्जाची फी नीटच्या पातळीवर आणावी. दारिद्र्यरेषेखालच्या आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांना ती पूर्ण माफ असावी. समुपदेशनाची रक्कम त्यांच्याकडून प्रवेश पक्का झाल्यावरच घ्यावी.

(ई) उत्तरसूचीवरील हरकतीसाठी पैसे घेऊ नयेत. पोकळ हरकतींची भीती असेल तर प्रत्येकाला तीन हरकती फुकट द्याव्यात, पुढच्यांना फी लावावी.

(उ) प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या दहावीच्या शाळेचे माध्यम आणि जिल्हा, नावे वगळून, प्रसिद्ध करावेत.

(ऊ) महाराष्ट्रातल्या तिन्ही विद्यापीठांनी इतर भाषांतून येणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षी इंग्रजीचे नियमित वर्ग ठेवावेत. ते दयेचे वर्ग नसावेत, त्यांना श्रेयांक असावेत.

(ए) यातले जे महाराष्ट्र शासनाच्या हातात असेल ते शासनाने कन्सॉर्टियमकडे बोट न दाखवता करावे. या पत्राची प्रत त्यांना वेगळी पाठवली आहे.

ती मुलगी आता बारावीच्या परीक्षेच्या तयारीत आहे. त्यानंतर राज्याची विधी सीईटी देणार आहे, मराठीतून. परवा ऑफिसात आली तेव्हा या पत्राचा कच्चा मसुदा तिनेच टाइप केला. कलम २ मधला टनांचा हिशेब तिचा आहे, मी दहा टन लिहिले होते, तिने अकरा केले आणि म्हणाली, "ताई, तोडल्यावर वजनात घट धरत्यात."

पोचपावतीसाठी स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे. उत्तर इंग्रजीत दिलेत तरी चालेल, आम्ही दोघी मिळून वाचू.

आपली विश्वासू,
एक वकील
तालुका न्यायालय, केज, जि. बीड